शिर्डीचा सौर स्वयंपाक : उन्हाचा जमाखर्च

‘नवीकरणीय ऊर्जास्रोतांचे फायदे व तोटे लिहा’ हा प्रश्न तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उत्तरही तुम्हांला पाठ असेल. फायदे : हे स्रोत संपत नाहीत, फुकट मिळतात, धूर होत नाही. तोटे : सुरुवातीचा खर्च जास्त, हवामानावर अवलंबून राहावे लागते. दोन रकाने आखून एवढे लिहिले की गुण मिळतात. उत्तर चुकीचे नाही. पण ते वाचून आपल्या गावात सूर्यचूल बसवावी की बसवू नये, हे मात्र कोणालाच ठरवता येणार नाही. कारण काम कोणते, ते किती वाजता करायचे आणि कोणत्या महिन्यात, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते.

म्हणून आज आपण ते दोन रकाने बाजूला ठेवू आणि एका मोठ्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडू. हे स्वयंपाकघर आहे शिर्डीचे. शिर्डी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात आहे. साईबाबा स्वतः मोठ्या हंडीत अन्न शिजवून फकिरांना व गोरगरिबांना वाढत, असे वर्णन ‘श्रीसाईसच्चरिता’त आहे. पुढे गावात येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि हंडीच्या जागी हजारो माणसांचे प्रसादालय आले. एवढ्या माणसांना रोज जेवू घालायचे म्हणजे जळणाचा प्रश्न आलाच.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने या प्रश्नासाठी सूर्याकडे पाहिले. २००२ साली तेथे ४० सौर तबकड्यांची योजना झाली. तिच्यावर सुमारे ३,००० माणसांचा स्वयंपाक होई, असे नमूद आहे. नंतर २००९ मध्ये त्याहून बरीच मोठी योजना उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी १६ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या ७३ तबकड्या होत्या. दिवसाला सुमारे ३,५०० किलो वाफ तयार करावी, तिच्यावर सुमारे २०,००० भाविकांचे अन्न शिजावे आणि वर्षाला सुमारे १ लाख किलो स्वयंपाकाचा गॅस वाचावा, अशी अपेक्षा जाहीर झाली. खर्च १ कोटी ३३ लाख रुपये आला. त्यापैकी ५८ लाख ४० हजार रुपये केंद्र सरकारचे अनुदान होते. तेव्हाचे केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री डॉ. फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते जुलै अखेरीस तिचे लोकार्पण झाले. भर पावसाळ्यात सूर्यचुलीचे उद्घाटन! ही गंमत लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. बहिर्गोल भिंगाने ऊन एकवटून तुम्ही कागद जाळला असेल. भिंगावर पडलेले सगळे ऊन एका ठिपक्यात आणले की तेथले तापमान झपाट्याने वाढते. तेच काम आरशांनी करता येते, पण आरशाचा आकार नेमका हवा. चेंडू तिरपा वर फेकला की तो ज्या वळणाने जाऊन खाली येतो, त्या वळणाला गणितात अन्वस्त म्हणतात. त्या वळणाचा खोलगट आरसा केला, तर अक्षाला समांतर येणारे सर्व किरण परावर्तनानंतर एकाच बिंदूत मिळतात. तो बिंदू म्हणजे नाभी. भांडे नाभीवर ठेवले की झाली चूल तयार.

पण एक अडचण आहे. सूर्य सरकतो. त्याच्यामागे आरसा वळवला की नाभीही फिरते आणि तिच्यामागे भांडेही फिरवावे लागते. घरातल्या छोट्या पातेल्याचे ते जमेल. शंभर माणसांच्या डाळीचे पातेले दिवसभर आकाशातून कसे फिरवणार? वुल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने यावर मोठी सुरेख युक्ती काढली. १९८६ साली केनियात त्याची अशी पहिली तबकडी काम करू लागली. त्याने अन्वस्ताकार आरशाचा मधला भाग न घेता बाजूचा एक तुकडा घेतला. हा तुकडा ज्या अक्षाभोवती फिरतो तो अक्ष नाभीतून जातो आणि पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. म्हणजे तो ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. शिर्डी सुमारे १९.८ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून तेथे तो अक्ष जमिनीशी जवळजवळ २० अंशांचा कोन करणार. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तबकडीही पूर्वेकडून पश्चिमेकडे तासाला १५ अंश फिरवली की सूर्य तिच्या नजरेतून सुटत नाही, आणि नाभी मात्र दिवसभर जागच्या जागी राहते. भूगोलाच्या पुस्तकातला एक आकडा अशा रीतीने डाळ शिजवायला उपयोगी पडतो!

ऋतूंप्रमाणे सूर्य उत्तर-दक्षिणही सरकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यासाठी तबकडीचा कल थोडा बदलावा लागतो, आणि कल बदलला की तिचा आकारही किंचित वाकवावा लागतो. म्हणून तिची चौकट लवचिक ठेवलेली असते. हे काम ठरावीक दिवसांनी माणूस हाताने करतो. ते राहिले तर नाभी पसरट होते आणि उष्णता वाया जाते. ‘ऊन फुकट’ म्हणताना हा माणूस विसरला जातो.

आता नाभी स्थिर झाली. तेथे भांडे न ठेवता लोखंडी शोषक ठेवतात आणि त्याच्यातून पाणी खेळवतात. शोषकाच्या वर एक लांब, जाड नळ आडवा असतो. तो निम्मा पाण्याने भरलेला असतो. नळातले थंड पाणी जड म्हणून खाली शोषकात उतरते. तापलेले पाणी आणि वाफ हलकी म्हणून वर चढते. वाफ नळाच्या वरच्या अर्ध्या भागात साठते आणि तेथून स्वयंपाकघरात जाते. अभिसरणासाठी पंप लागत नाही. वीज नसतानाही वाफ मिळत राहावी अशीच शिर्डीच्या योजनेची आखणी होती. २००९ च्या सुमारास महाराष्ट्रात तासन् तास भारनियमन चालत असे, हे तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. तेव्हा ही गोष्ट काही लहान नव्हती.

वाफच का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. भात, डाळ, भाजी यांना शिजायला सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमान पुरते, आणि वाफ ते तापमान बरोबर नेऊन पोहोचवते. शिवाय भांडे खालून करपत नाही. पण पोळी भाजायला तवा २०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. शिर्डीचा बुंदीचा लाडू प्रसिद्ध आहे. ती बुंदी तळायला तेल १७० अंशांच्या वर लागते. साध्या वाफेला ते जमत नाही. म्हणजे ऊन कितीही पडो, स्वयंपाकघरातला गॅस पूर्णपणे हटत नाही. ‘तोटे’ या रकान्यात हे कोणी लिहीत नाही. खरे पाहता हा उन्हाचा दोषही नाही. साधन आणि काम यांची जोडी जुळली की नाही, एवढाच हा प्रश्न आहे.

चला, आता पेन्सिल घ्या. जाहीर झालेले आकडे तसेच मान्य करण्याऐवजी आपण ते पडताळून पाहू.

७३ तबकड्या, प्रत्येकी १६ चौरस मीटर. एकूण १,१६८ चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या सुमारे नऊ मैदानांएवढे आरसे. भर दुपारी, स्वच्छ आकाशात, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट शक्ती पडते. पण तीत सरळ येणारे किरण असतात, तसा आकाशाकडून विखरून येणारा प्रकाशही असतो. आरसा फक्त सरळ किरण एकवटू शकतो. दिवसभराची सरासरी म्हणून आपण ७०० वॉट धरू. तबकडीला प्रकाश बाजूच्या शोषकाकडे पाठवायचा असल्याने ती सूर्यासमोर अगदी सरळ नसते, तिरपी असते. म्हणून १६ चौरस मीटरपैकी सुमारे साडेअकराच कामी येतात. ११.५ गुणिले ७०० म्हणजे साधारण ८,००० वॉट. यातला काही भाग आरसे शोषून घेतात, काही शोषकावरून व नळांवरून हवेत जातो. साठ टक्के हाती लागले असे धरू. म्हणजे एका तबकडीमागे जवळजवळ ५ किलोवॉट आणि ७३ तबकड्यांमागे ३६५ किलोवॉट. सात तास चांगले ऊन मिळाले तर २,५५५ किलोवॉट-तास. एक किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी, तेव्हा एकूण सुमारे २२ लाख किलोकॅलरी.

वाफ किती होईल? ३० अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. पण १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला आणखी ५४० लागतात. हीच ती अप्रकट उष्मा, जी पुढे भांड्याला भेटली की वाफ परत देऊन टाकते. बेरीज ६१०. २२ लाखांना ६१० ने भागा : सुमारे ३,६०० किलो. जाहीर झालेला आकडा होता ३,५००. छान! म्हणजे वाफेचा आकडा उन्हाळी, निरभ्र दिवसाला पटण्यासारखा आहे.

या वाफेचे २०,००० वाटे करा. प्रत्येकाच्या वाट्याला १७५ ग्रॅम वाफ, म्हणजे सुमारे १०७ किलोकॅलरी. एका माणसाचे जेवण शिजवायला लागणारी ही उष्णता सुमारे १० ग्रॅम गॅसमध्ये मावते. तीच लाकडावर काढायची म्हटली तर? एक किलो लाकूड साधारण ४,००० किलोकॅलरी देते, पण साध्या चुलीत त्यातले दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. म्हणजे माणशी पाव किलोच्या जवळपास लाकूड, आणि २०,००० माणसांना रोज चार टनांहून जास्त. या कोरड्या, मोकळ्या माळांच्या जिल्ह्यात रोज चार टन लाकूड कुठून आणायचे?

आता गॅसच्या बचतीकडे वळू. एक किलो गॅस सुमारे ११,००० किलोकॅलरी देतो. २२ लाखांना त्याने भागले की २०० किलो येतात. पण गॅसवर चालणारा बॉयलरही सगळी उष्णता वाफेला देत नाही. तो ८० टक्के देतो असे धरले, तर रोज २५० किलो गॅस वाचला; घरगुती १४.२ किलोच्या हिशेबाने सतरा-अठरा सिलिंडर. याला ३६५ ने गुणले तर ९१,००० किलोंच्या वर जाते, ‘सुमारे १ लाख’च्या जवळ. पण थांबा! वर्षाचे ३६५ दिवस निरभ्र असतात काय? २८० दिवस चांगले ऊन मिळाले असे धरले, तर बचत ७०,००० किलोंवर येते. उलट, जुनी गॅसची व्यवस्था ६० टक्केच कार्यक्षम होती असे मानले, तर तेवढ्याच २८० दिवसांत बचत ९३,००० किलोंवर जाते. आकडा असा का हलतो? कारण बचत ही वजाबाकी आहे. नवे साधन किती चांगले यावर ती जेवढी अवलंबून असते, तेवढीच जुने किती उधळे होते यावरही असते. वर्तमानपत्रात ‘इतकी बचत’ असे वाचाल तेव्हा ‘कशाच्या तुलनेत?’ हे आधी विचारायला हवे.

पैशाचेही पाहू. समजा, गॅस ४० रुपये किलो आहे आणि ७०,००० किलो वाचतो. वर्षाला २८ लाख रुपये झाले. १ कोटी ३३ लाखांना २८ लाखांनी भागले की पावणेपाच वर्षे येतात. अनुदान वजा करून हिशेब केला तर पावणेतीन वर्षांच्या आत पैसे सुटतात. यातला कोणता हिशेब खरा? संस्थेच्या वहीसाठी दुसरा. पण अनुदानाचा पैसाही तुमच्या-आमच्या करातून येतो, म्हणून समाजाच्या वहीसाठी माझ्या मते पहिलाच. शिवाय दोन्हींत पुसणी, दुरुस्ती आणि पैशावरचे व्याज अजून धरलेले नाही. आजचा गॅसचा भाव घालून हे गणित तुम्ही स्वतः पुन्हा करा. भाव वाढला की तीच तबकडी जास्त फायद्याची होते. तिच्यात मात्र काहीच बदललेले नसते! आपल्या देशातला निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस परदेशातून जहाजाने येतो, त्यामुळे हा भाव आपल्या हातातही नाही. जाता जाता हेही लिहून ठेवा : एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

जमेची बाजू पाहिली. आता ढग येऊ देत.

ढगाळ दिवशी उजेड असतो. पुस्तक वाचता येते, कपडेही उशिरा का होईना वाळतात. मग सौर चूल थोडी कमी, पण चालेल, असे वाटते. तसे होत नाही. ढगातून येणारा प्रकाश सर्व दिशांनी विखुरलेला असतो आणि अन्वस्ताकार आरसा फक्त समांतर किरण एकत्र आणतो. तेव्हा दाट ढगाखाली वीज देणारी सौर पट्टी थोडे तरी काम करते. तबकडी मात्र जवळजवळ स्वस्थ बसते. ऊन एकवटण्याचे जे सामर्थ्य, तेच तिचे दुबळेपणही आहे. दोन्ही एकाच भूमितीतून आलेली आहेत, त्यामुळे एक ठेवून दुसरे काढून टाकता येत नाही.

आणि ढग येतात केव्हा? शिर्डीचे तीन मोठे उत्सव म्हणजे रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी. रामनवमी चैत्रातली. आकाश स्वच्छ, ऊन कडक, तबकड्यांचे सुगीचे दिवस. विजयादशमीला पाऊस एखाद्या वर्षी सरलेला असतो, एखाद्या वर्षी रेंगाळलेला. पण गुरुपौर्णिमा आषाढातली. म्हणजे पंगती सर्वांत मोठ्या आणि आकाश भरलेले! ‘हवामानावर अवलंबून’ या दोन शब्दांचा खरा अर्थ हा. वर्षाची सरासरी कितीही चांगली असो, भुकेला सरासरी कळत नाही. त्या दिवशी २०,००० काय, त्याहून जास्त माणसे जेवायला बसणार, आणि त्यांना ‘आज ढग आहेत’ असे सांगता येणार नाही.

म्हणून गॅसचा किंवा दुसऱ्या इंधनाचा बॉयलर ठेवावाच लागतो. तो छोटा ठेवून भागत नाही. एकही तबकडी चालत नसताना सगळा स्वयंपाक पेलेल एवढा मोठा लागतो. म्हणजे दोन व्यवस्था उभारायच्या, दोन्हींची निगा राखायची आणि बहुतेक दिवस त्यांतली एक रिकामी ठेवायची. उन्हाने इंधन वाचते, चूल वाचत नाही. माझ्या मते नवीकरणीय ऊर्जेचा हाच सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा खर्च आहे. वाफ साठवता येत नाही का, असे कोणी विचारील. जाड वेष्टणाच्या टाकीत काही तास येते, पण आषाढासाठी चैत्रातली वाफ नाही ठेवता येत.

तरीही ही योजना शिर्डीला शोभली, याचे कारण साधे आहे. मोठ्या स्वयंपाकघरात भात-डाळीचे सर्वांत जड काम सकाळी नऊ ते दुपारी दोन-तीनच्या दरम्यान असते, आणि ऊनही तेव्हाच असते. शिवाय काम रोजचे, वर्षभराचे. सुट्टी नाही. आंध्रातल्या तिरुमलाला आणि राजस्थानात अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या आश्रमातही अशाच तबकड्यांवर हजारोंचा स्वयंपाक करण्याच्या योजना झाल्या. सगळी ठिकाणे पाहा : रोजची पंगत, दुपारचे जेवण, मोकळी जागा. हीच तबकडी रात्रपाळीच्या कारखान्याला दिली असती, तर ‘सौर ऊर्जा निरुपयोगी’ असा निष्कर्ष निघाला असता.

धुळीचे एक राहिले. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, म्हणून ढगही कमी, म्हणून ऊन भरपूर. पण पाऊस कमी म्हणजे धूळही भरपूर, आणि आरसे धुवायला पाणी कमी! धुळीचा पातळ थरसुद्धा किरण विखुरतो. उत्तम ऊन असलेल्या प्रदेशातच ते ऊन धरणारे आरसे सर्वांत जास्त मळावेत, ही निसर्गाची थट्टाच म्हणायची. नऊ कबड्डीची मैदाने पुसायची आहेत, हे विसरू नका.

थोडे जिल्ह्यात फिरून येऊ. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. आपल्याकडे वारा जोरात वाहतो तो जूनपासून, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर. म्हणजे नेमका सूर्य दडतो तेव्हा. हे दोघे एकमेकांची पाळी सांभाळतात. पण वारा फार लहरी. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातून मिळू शकणारी शक्ती निम्मी नाही, एक-अष्टमांश होते. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते.

अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे, १९२६ साली पुरे झालेले, सुमारे ८२ मीटर उंच. तेथे वीजही होते. पाण्याचा मोठा गुण म्हणजे ते साठते. हवे तेव्हा सोडता येते. पण एक गणित करून पाहा. १,००० लिटर पाणी ८० मीटर खाली पडले तर किती ऊर्जा मिळते? वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : सुमारे ७,८५,००० ज्यूल, म्हणजे १८७ किलोकॅलरी. एवढ्या उष्णतेत एक तृतीयांश किलो पाण्याचीही वाफ होत नाही! एक हजार लिटर ऐंशी मीटर खाली पडावेत तेव्हा कुठे तीनशे ग्रॅम वाफ. म्हणूनच जलविद्युतीला एवढी अफाट धरणे लागतात आणि त्यांच्याखाली एवढी जमीन जाते. शिवाय भंडारदऱ्याचे पाणी मुळात शेतीसाठी आहे. ते केव्हा सोडायचे हे पिकांच्या पाळीवर ठरते, विजेच्या गरजेवर नाही.

साखर कारखान्यांत उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, जाळून वाफ व वीज करतात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या प्रवरानगरने घातला ते याच जिल्ह्यातले. बगॅस ढिगाने साठवता येते, ढग आले तरी जळते. पण ऊस भरपूर पाणी पितो, आणि गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. बगॅस नवीकरणीय खरे, पण विहिरीतल्या पाण्याच्या भरवशावर.

आणखी एक गोष्ट. २००९ नंतर वीज देणाऱ्या सौर पट्ट्या फारच स्वस्त झाल्या. त्या उन्हातल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा भागच विजेत बदलतात. तबकडी त्यामानाने पुष्कळ अधिक भाग उष्णतेत देते. उष्णताच हवी असेल तर विजेच्या आडवाटेने जाणे उधळेपणाचे वाटते. पण पट्टीला सूर्यामागे वळावे लागत नाही, ढगातही ती थोडे देते, आणि स्वयंपाक नसेल तेव्हा तीच वीज दिव्याला, पंपाला जाते. तबकडी वाफेखेरीज काहीच देऊ शकत नाही. तेव्हा आज नव्याने योजना आखणाऱ्याने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडायला हवेत. २००९ चे बरोबर उत्तर आजही बरोबर असेलच असे नाही.

आमच्या काळच्या पुस्तकांत या सर्वांना ‘अपारंपरिक ऊर्जा’ म्हणत. आजीच्या पापड-कुरडयांपासून गुऱ्हाळातल्या चिपाडापर्यंत सारे काही उन्हावरच चालत आले; परंपरा तर तीच आहे! असो.

करून पाहा

१. तुमच्या शाळेत २०० मुलांची खिचडी होते असे समजा. तांदूळ-डाळ २० किलो, पाणी ६० लिटर. फक्त पाणी ३० अंशांपासून १०० पर्यंत न्यायला ४,२०० किलोकॅलरी. धान्य, भांडे आणि उडून जाणारी वाफ धरून ६,००० घ्या. शिर्डीसारखी एक तबकडी तासाला सुमारे ४,३०० किलोकॅलरी देते. किती वेळ लागेल? (दीड तासाच्या आत, जर ऊन असेल तर.) शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा : एक सिलिंडर किती दिवस पुरतो? त्यावरून प्रत्यक्षात किती उष्णता खर्च होते ते काढा आणि आपल्या ६,००० शी ताडून पाहा. फरक बराच येईल. तो का, याचा विचार करा.

२. शिर्डीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकेका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तुमच्या गावी तो दिवस कोणता, हे काठी रोवून शोधा. २२ डिसेंबरला त्याच काठीची दुपारची सावली मोजा आणि तबकडीचा कल का बदलावा लागतो ते आकृती काढून दाखवा. आरशाच्या नाभीकडे किंवा सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका.

३. शाळा जूनमध्ये सुरू झाल्यापासून वहीत रोज सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यानच्या उन्हाची नोंद ठेवा. जमिनीवर सावलीची कड स्पष्ट दिसली तर ‘स’, दिसली नाही तर ‘ढ’. कड स्पष्ट दिसते तेव्हाच तबकडी चालते. एप्रिलमध्ये मोजा : शाळा भरली त्या दिवसांपैकी ‘स’ किती? सर्वांत चांगले ऊन मे महिन्यात असते आणि तेव्हा तुम्हांला सुट्टी असते, हे त्या मोजणीत आपोआप येईल. त्या आकड्यावरून ठरवा : तुमच्या शाळेला तबकडी घ्यायची तर जोडीला गॅस किती ठेवावा लागेल?